नांदेडात गणिती सॉफ्टवेअरची कोडिंग कार्यशाळा: अर्जापासून ऑडिटपर्यंत

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, संक्रांतीच्या तोंडावर, आमच्या नांदेडच्या महाविद्यालयात सेजमॅथ या मुक्त गणिती सॉफ्टवेअरवर चार दिवसांची सामूहिक कोडिंग कार्यशाळा झाली. कार्यशाळा चार दिवसांत आटोपली, पण तिची फाइल बंद व्हायला मे उजाडला. मग लातूर आणि परभणीहून ओळखीच्या प्राध्यापकांचे फोन येऊ लागले की आम्हालाही असं करायचंय, सुरुवात कुठून करायची. प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा क्रमाने लिहून ठेवते.

सेज ज्यांनी वापरलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. मॅग्मा, मेपल, मॅथेमॅटिका, मॅटलॅब यांना फुकट आणि खुला पर्याय उभा करायचा, हा उद्देश. सगळं नव्याने लिहीत बसण्याऐवजी आधीपासून असलेली सॉफ्टवेअर पायथनने एकत्र बांधली. गटसिद्धांतासाठी गॅप, ज्याचं काम १९८६ मध्ये जर्मनीतल्या आखेनला सुरू झालं. संख्या सिद्धांतासाठी फ्रान्समधल्या बोर्दोचं पारी. बहुपदींसाठी कायझर्सलाउटर्नचं सिंग्युलर. कलन आणि बीजगणितासाठी मॅक्सिमा, ज्याचं मूळ एमआयटीत १९६० च्या दशकात सुरू झालेल्या मॅकसिमा (Macsyma) या सॉफ्टवेअरपर्यंत जातं. हे सांभाळणारे बहुतेक लोक आपापल्या विद्यापीठांत शिकवणारे किंवा शिकणारे. ते अधूनमधून एका ठिकाणी जमतात आणि काही दिवस एकत्र बसून कोड लिहितात. या बैठकांना ‘सेज डेज’ म्हणतात. पहिली २००६ मध्ये अमेरिकेत झाली, आणि २०१० मध्ये एक पवईच्या आयआयटीतही झाली होती. आमची कार्यशाळा त्याच धर्तीची, पण लहान. बाहेरून आलेले सात-आठ अनुभवी लोक आणि मराठवाड्यातले आम्ही पंधराएक शिक्षक-विद्यार्थी.

अर्ज जुलैमध्ये केला, एका केंद्रीय अनुदान संस्थेकडे. पहिली अडचण त्या छापील नमुन्यातच होती. वेळापत्रकाच्या तक्त्यात प्रत्येक तासापुढे वक्ता, विषय आणि त्याचं मानधन असे तीनच रकाने. आमच्या वेळापत्रकात सकाळी एक व्याख्यान आणि बाकी दिवसभर ‘गटात बसून काम’. महाविद्यालयाच्या कार्यालयात फाइल गेली तेव्हा तिथल्या लेखापालांनी मला बोलावून घेतलं.

“मॅडम, यात लेक्चरं कामून नाहीत? लोकं मुंबई-बंगळुरूहून येऊन करणार काय मग?”

मी म्हटलं, “भाऊ, तुमच्याकडे इर्जिक करतात ना? सगळे आपापले बैल-औत घेऊन एकाच्या शेतात येतात, दिवसभरात नांगरून मोकळे होतात. तसंच आहे हे.”

“हौ का. मग मालकानं जेवण घालायचं असतंय. म्हणूनच जेवणाचा आकडा मोठा दिसायलाय.” फाइल त्याच दिवशी पुढे सरकली.

अनुदान संस्थेला मात्र इर्जिक सांगून भागलं नसतं. तिथे आम्ही प्रत्येक दुपारला ‘कार्यसत्र’ असं नाव दिलं, वक्त्याच्या रकान्यात ‘मार्गदर्शक’ लिहून दोन नावं घातली आणि विषयात त्या सत्रात कुठल्या भागावर काम होईल ते लिहिलं: आलेख सिद्धांत, बीजगणितीय संख्या क्षेत्रं, दस्तऐवज सुधारणा. यात खोटं काही नाही, आणि समितीला वाचायला काहीतरी मिळतं. ‘फलनिष्पत्ती’च्या रकान्यात मात्र आम्ही ‘जाणीवजागृती’ असले शब्द टाळून सरळ लिहिलं की सहभागी लोक सेजच्या मूळ कोडमध्ये बदल सुचवतील आणि त्याची सार्वजनिक नोंद दाखवता येईल. हे एक वाक्य पुढे फार कामाला आलं.

मग वाट पाहणं. ऑगस्ट गेला, गणपती गेले, दसरा गेला. चौकशीच्या प्रत्येक मेलला ‘आपला प्रस्ताव विचाराधीन आहे’. त्या दिवसांत मला चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख सारखा आठवायचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ काढला, आणि मठाला मिळालेल्या देणग्यांचा तपशील १२०७ च्या सुमारास दगडात कोरून ठेवला. आठशे वर्षांपूर्वीचा मंजुरी आदेश अजून वाचता येतो आणि आमचा पीडीएफ काही येत नाही!

मंजुरीचं पत्र दिवाळीनंतर आलं. मागितले होते सव्वादोन लाख, मंजूर झाले दीड लाख, त्यातले नव्वद टक्के आधी आणि उरलेले हिशोब दिल्यावर. पैसे खात्यावर यायला आणखी बराच वेळ लागतो, तेव्हा प्राचार्यांकडून महाविद्यालयाच्या निधीतून तात्पुरती उचल मंजूर करून ठेवा. तिची टिपणी मंजुरीपत्र आल्याच्या आठवड्यातच टाकावी. जेवण, निवास आणि छपाई या तिन्हींची तीन-तीन कोटेशनं आणि तुलनात्मक तक्ता डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात झाला. जेवणाचा दर ताटामागे १६० रुपये ठरला, चहा-नाश्ता वेगळा. गेस्ट हाउसची खोली दिवसाला ९०० रुपयांना. सगळ्यांत मोठा खर्च प्रवासाचा, तो निम्म्याच्या वर गेला. रक्कम कमी झाल्यामुळे आम्ही मानधन काढून टाकलं. आलेल्यांपैकी कुणी कुरकुर केली नाही. या जगात तशी अपेक्षाच नसते.

आता तांत्रिक तयारी. माझ्या मते कार्यशाळा खरं तर इथेच ठरते.

सेज मुळापासून बांधायचं (मूळ कोड कंपाइल करून) तर डिस्कवर दहा जीबी तरी मोकळे लागतात आणि साध्या यंत्रावर काही तास जातात. आमच्या लॅबमधली बहुतेक यंत्रं आठ जीबी रॅमची. त्यांच्यावर एकाच वेळी फार कामं समांतर चालवली तर मेमरी संपून बांधणी मध्येच पडते. पोरांचे लॅपटॉप विंडोजचे. त्यांच्यावर आधी डब्ल्यूएसएल घालावं लागतं, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स, आणि काही लॅपटॉपांत त्यासाठी बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू करावं लागतं. त्यावर उपाय म्हणजे कोंडा हे पॅकेजं बसवायचं साधन वापरायचं: गॅप, पारी वगैरे सगळी तयार पॅकेजं मिळतात आणि फक्त सेजचा स्वतःचा भाग बांधावा लागतो. बंगळुरूहून येणाऱ्या एका अनुभवी डेव्हलपरनी हे फोनवर समजावून सांगितलं आणि डिसेंबरच्या शेवटी आम्ही शनिवार-रविवारी फक्त इन्स्टॉलेशनसाठी पोरांना बोलावलं. लागणारं सगळं एकदाच उतरवून पेनड्राइव्हवर घेतलं, सेजच्या गिट भांडाराची (बदलांच्या इतिहासासकट सगळ्या कोडची) प्रतही. ती काही शेकडो एमबींची आहे. पंधरा जणांनी एकदम उतरवायला घेतली तर कॉलेजचं इंटरनेट तिथेच मान टाकेल.

आणखी एक गोष्ट आधी तपासून घ्या. बऱ्याच संस्थांच्या नेटवर्कवर एसएसएचचा (दुसऱ्या यंत्राशी सुरक्षित जोडणी करण्याच्या पद्धतीचा) २२ क्रमांकाचा पोर्ट बंद असतो, आमच्याकडेही होता. सेजचा कोड जिथे ठेवलेला असतो ते गिटहब हे संकेतस्थळ ब्राउझरमध्ये दिसतं, पण कोड वर पाठवायला गेलं की काहीच होत नाही आणि नवख्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. पोर्ट उघडून घेण्यासाठी अर्ज करत बसण्यापेक्षा गिटहब ४४३ क्रमांकावरूनही एसएसएच स्वीकारतं, तशी दोन ओळींची सोय प्रत्येक यंत्रावर करून टाकावी. शिवाय गिटहब आता कोड देणाऱ्यांकडून दुहेरी पडताळणी मागतं. खातं आधीच उघडून, पडताळणी करून, रिकव्हरी कोड वहीत लिहून आणायला सांगा. आमच्यातल्या एकाचा फोन ऐन वेळी बिघडला आणि वहीतल्या त्या कोडांनी वेळ वाचली.

लॅबमध्ये सॉकेट भिंतीकडेने, माणसं मध्ये. एक्स्टेंशन बोर्ड विकत घेण्याऐवजी मंडपवाल्याकडून भाड्याने घेतले. तो लग्नांना पुरवतो, त्यामुळे त्याच्या वायरी जाड आणि भरवशाच्या असतात. टेबलं फिरवून चार-चार जणांचे गट बसतील अशी केली. आमचे लॅबचे मामा आधी नाराज होते, कारण टेबलं हलली की नंबर बदलतात आणि डेडस्टॉक रजिस्टर जुळत नाही. त्यांनी मग स्वतःच खडूने फरशीवर मूळ जागेच्या खुणा करून ठेवल्या.

मुंबईकडची मंडळी देवगिरी एक्स्प्रेसने सकाळी उतरली, पुण्याची रात्रभर बसने. उद्घाटनाचा विषय नाजूक होता. आमच्या शिक्षणसंस्थेला दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मान्यवरांची मनोगतं हवी होती. आलेल्या लोकांना फक्त वाय-फायचा पासवर्ड हवा होता. प्राचार्य सरांशी बोलून पाऊण तासात आटोपायचं ठरलं, आणि खरोखर आटोपलं. मी या समारंभांच्या विरोधात नाही. गावाकडून आलेल्या पोरांच्या आईवडिलांना व्हॉट्सअॅपवर तो फोटो पाहून जे वाटतं ते कुठल्याही पुल रिक्वेस्टने (मंजुरीसाठी पाठवलेल्या कोडबदलाने) वाटणार नाही. पण तो पाऊण तासच असावा.

त्यानंतर फळ्यासमोर सगळे उभे राहिले आणि प्रत्येकाने सांगितलं की मला काय करायचंय, किंवा मला काय येत नाही. त्याची यादी फळ्यावर झाली आणि यादीवरून गट पडले. रोज संध्याकाळी प्रत्येक गटाने दोन मिनिटांत प्रगती सांगायची, अडलं असेल तर अडलं म्हणून सांगायचं. आमच्या विद्यार्थ्यांना हे सगळ्यांत अवघड गेलं. वर्गात ‘कळलं का’ विचारलं की मान हलवायची सवय. इथे बाहेरून आलेले पीएचडीवाले रोज उठून सांगत होते की दुपारभर बसलो, काही निघालं नाही.

नवख्यांना पहिलं काम दिलं ते डॉकटेस्टचं. सेजमधल्या प्रत्येक फंक्शनच्या वर्णनात उदाहरणं लिहिलेली असतात, आणि ती उदाहरणं हीच चाचणीही असते. संगणक ती चालवून बघतो आणि छापलेलं उत्तर अक्षरशः जुळतं का ते तपासतो. ज्यांना गणित येतं पण मोठा कोड वाचायची धास्ती वाटते त्यांच्यासाठी याहून चांगली जागा नाही. शिकण्यासारख्या बारीक गोष्टीही त्यातच निघतात. संचातले घटक पायथन कुठल्या क्रमाने छापेल याची हमी नसते, म्हणून ते क्रमाने लावून मगच छापायचे. दशांश अपूर्णांकाचा शेवटचा अंक यंत्रागणिक बदलू शकतो, म्हणून किती फरक चालेल ते उदाहरणाशेजारी टिपायचं.

एका गटाचं काम मी जवळून पाहिलं. आमची हदगावकडची एमएस्सीची विद्यार्थिनी, संभाजीनगरचे एक प्राध्यापक आणि ते बंगळुरूचे डेव्हलपर. त्यांनी घेतलं होतं भास्कराचार्यांचं प्रसिद्ध समीकरण: एका संख्येच्या वर्गातून दुसऱ्या संख्येच्या वर्गाची ६१ पट वजा केली तर १ उरला पाहिजे. चक्रवाल पद्धतीने भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ते सोडवलं. फ्रेंच गणितज्ञ फर्माने हाच प्रश्न युरोपातल्या गणितज्ञांना घातला तो १६५७ मध्ये. सर्वांत लहान उत्तर १७६६३१९०४९ आणि २२६१५३९८०. पोरीने सेजमध्ये ६१ च्या वर्गमूळाचं क्षेत्र (परिमेय संख्यांत ६१ चं वर्गमूळ मिसळून होणाऱ्या संख्या) तयार केलं आणि त्याचं मूलभूत एकक मागितलं, म्हणजे अशी संख्या की जिच्या घातांतून, चिन्ह सोडलं तर, तिथली बाकीची सगळी एककं निघतात. हे काम आतून पारी करतं. उत्तरात आले ३९ आणि ५, तेही दोनाने भागलेले.

“सर, हे तर भास्कराचार्यांचं नाही,” ती म्हणाली.

सरांनी तिला फळ्याजवळ नेलं. ३९ च्या वर्गातून ५ च्या वर्गाची ६१ पट वजा करा, चाराने भागा: येतो उणे एक. अधिक एक नाही, आणि संख्याही पूर्ण नाहीत. त्या एककाचा घन केला की अपूर्णांक जातात, २९७१८ आणि ३८०५ मिळतात, पण अजून उणे एकच. त्याचा वर्ग केला की चिन्ह पालटतं आणि भास्कराचार्यांच्या दोन्ही संख्या समोर येतात. म्हणजे सॉफ्टवेअरने दिलेल्या एककाचा सहावा घात. तिने हे सगळं हाताने केलं. चहा आला, गार झाला, मामा परत घेऊन गेले.

मग हे उदाहरण दस्तऐवजात घालायचं ठरलं आणि खरी गंमत पुढे होती. मूलभूत एकक एकच नसतं. त्याचं चिन्ह बदललं किंवा त्याचा व्यस्त घेतला तरी तेही तितकंच बरोबर. पारीची पुढची आवृत्ती यातलं दुसरंच रूप देऊ शकते, आणि मग उत्तर बरोबर असूनही चाचणी नापास होईल. म्हणून छापील एकक जुळवण्याऐवजी सहाव्या घातातल्या दोन संख्या समीकरणात घालून १ येतो का, एवढंच तपासायचं. त्या सहा-सात ओळी लिहायला त्यांना दोन दुपारी लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली. लॅपटॉप चालू राहिले, राउटरला इन्व्हर्टर होता, पण डेस्कटॉपवरची एक अर्धी झालेली बांधणी गेली. जनरेटरच्या डिझेलला साधारण तीन हजार गेले. अंदाजपत्रकात ‘इतर’ या रकान्यात त्याची तरतूद जरूर ठेवा. त्या संध्याकाळी सगळे सचखंड गुरुद्वाऱ्यात गेले आणि लंगरमध्ये जेवले. आमचं एका वेळचं जेवणाचं बिल वाचलं, तेवढी देणगी पेटीत गेली. रविवारी सकाळी अर्धापूरकडच्या एका विद्यार्थ्याच्या शेतावर हुरडा झाला. तिथेही दोघं जण बांधावर बसून आलेखांच्या समरूपतेवर वाद घालत होते, त्या विद्यार्थ्याचे आजोबा बराच वेळ ऐकून म्हणाले, “खाऊन घ्या आधी, भांडण कुठं पळून जातंय.”

निरोपाच्या आधीच प्रवासभत्त्याचे फॉर्म, तिकिटं आणि रद्द केलेला चेक प्रत्येकाकडून घेऊन ठेवले. हे पहिल्या दिवशी नाश्त्याच्या वेळी मागितलं तर सोपं जातं. लोक गेल्यावर मेलवर मागत बसणं म्हणजे महिनाभराचं काम. पाच हजारांवरच्या रोख पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो, त्यांची एक पट्टी आधीच पोस्टातून आणून ठेवा.

पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन कामं शेजारी शेजारी चालली. एकीकडे हिशोब: खर्चाचा तक्ता, सनदी लेखापालांची सही आणि जीएफआर (केंद्राचे सर्वसाधारण वित्तीय नियम) १२-अ नमुन्यातलं विनियोग प्रमाणपत्र, सगळं ३१ मार्चच्या आत. दुसरीकडे सेजमधले बदल. तिथे आपण पाठवलेला बदल दुसऱ्या कुणीतरी तपासून मान्य करावा लागतो, स्वतःचा स्वतःला मान्य करता येत नाही. तपासणारेही आपल्यासारखेच, सवडीने बघणारे. कार्यशाळेत सुरू झालेल्या बदलांपैकी काही आठवडाभरात मान्य झाले, काहींवर महिनाभर कुणी फिरकलंही नाही, आणि एक गटातल्या लोकांनीच सोडून दिला. भास्कराचार्यांच्या उदाहरणावर परदेशातल्या एका तपासनिसाने वाक्यरचना आणि मांडणीबद्दल चार सूचना केल्या. आमची विद्यार्थिनी तेव्हा परीक्षेत होती. पेपर संपल्याच्या दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये येऊन तिने त्या दुरुस्त केल्या. एप्रिलमध्ये बदल मुख्य कोडमध्ये गेला.

मेमध्ये महाविद्यालयाचं अंतर्गत लेखापरीक्षण झालं. हिशोबात काही निघालं नाही, पण वेळापत्रक पाहून शेरा आला: ‘व्याख्यानांची संख्या अल्प, साध्य काय याचा पुरावा जोडावा.’ तेव्हा अर्जातलं ते फलनिष्पत्तीचं वाक्य उपयोगी पडलं. मान्य झालेल्या प्रत्येक बदलाच्या पानाची प्रिंट काढली. त्यावर तारीख, लिहिणाऱ्याचं नाव आणि मान्यतेची नोंद आपोआप असते. प्रत्येक प्रिंटवर विभागप्रमुख मॅडमची सही आणि शिक्का घेतला, वर एक पानाची मराठी गोषवारा-टिपणी लावली आणि आवक-जावकला देऊन पोच घेतली. पुढच्या आठवड्यात शेरा वगळल्याचं पत्र आलं. दहा टक्क्यांची राहिलेली रक्कम मागताना त्या पत्राची प्रतही सोबत जोडा, म्हणजे तोच प्रश्न पुन्हा येत नाही.